स्क्रू सैल केल्याशिवाय

"दम धरा भाऊ, परत येस का नई ते देखू."

हे बोलताना मॅडमची नजर मीटरवरून हलत नसे. नंदुरबारच्या कॉलेजात आम्ही दोघं पदार्थविज्ञान शिकवायचो. त्या ब्राह्मणपुरी गावच्या, गुजर घरातल्या. वर्गात खणखणीत मराठी, प्रयोगशाळेत जीव घाबरला की सरळ अहिराणी.

आणि जीव सदा घाबरलेला. कारण प्लास्टिकची एक नखाएवढी पट्टी. तिच्यावर ग्राफीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर. पट्टी स्क्रूने वाकवली की थर ताणला जातो, अणू दुरावतात, इलेक्ट्रॉनची वाट अवघड होते आणि मीटरवर रोध चढतो. ताण सोडला की आकडा मूळ जागी परत येतो, हे त्यांना पीएच.डी.त दाखवायचं होतं. पुण्याहून मागून आणलेली पट्टी ती एकच. फाटली की सगळंच बोंबललं.

हिवाळ्यात गावाबाहेर लाल मिरची वाळत पडते तेव्हा अख्खं नंदुरबार शिंकतं. मॅडम नाकाला ओढणी गुंडाळून, श्वास रोखून स्क्रू फिरवायच्या. मी नुसतं नाक चोळलं तरी ओरडायच्या, "शिंक येई ऱ्हायनी व्हई ते बाहेर जा!" मी मुकाट्याने व्हरांड्यात जाऊन शिंकायचो. तुम्ही असता तर तुम्हालाही हाकललं असतं.

घरी निघताना स्क्रू सैल करायचा हा त्यांचा नेम. गेटपर्यंत जाऊन पुन्हा चाचपायला यायच्या. "रातभर ताणमा ठेवं ते मंग परत येस नई."

एका दुपारी पट्टी ताणलेली असतानाच त्यांच्या छातीत कळ आली. रिक्षाने दवाखाना, तिथून सुरत. त्या धावपळीत स्क्रू कुणाच्या डोक्यात असणार?

काही दिवसांनी त्यांच्या भावाने फोन लावून दिला. आवाज पार खोल गेलेला.

"स्क्रू तसाच ऱ्हायना ना, भाऊ?"

"हो. सैल करू का, मॅडम?"

"हात नका लावू. मीच येसू."

त्या आल्या नाहीत. सुरतेहून त्या गेल्याचा निरोपच आला. मला फार वाईट वाटलं, आणि त्यातही ती पट्टी डोळ्यांपुढून हटेना.

तेराव्यानंतर मी प्रयोगशाळा उघडली. नाकाला रुमाल बांधला, श्वास रोखला आणि स्क्रू सैल केला. आकडा उतरू लागला. मूळ आकडा मला पाठ होता. त्याच्या जरासा वर येऊन तो थांबला, पुढे सरकेना.

"दम धरा," मी मोठ्याने म्हणालो, आणि मीटर चालू ठेवून समोर बसून राहिलो.