तिच्या डोळ्यांच्या उंचीची खिडकी

भाई कुठल्याही लाकडाला आधी बोटाच्या पेराने ठोकायचे आणि मान तिरपी करून ऐकायचे. दार असो, टेबल असो, आमच्या घरचा देव्हारा असो. "आतून बरा हाय," म्हणायचे, नाहीतर नुसतंच "च्." एकदा मॅनेजरच्या खुर्चीला ठोकून ते "च्" म्हणाले. पुढचा आठवडाभर सगळं ऑफिस मॅनेजरकडे काळजीने बघत होतं.

परवा पुण्यात आम्हा जुन्या मस्कतकरांचा मेळावा झाला. तिथे कुणीतरी भाईंची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत मीही होतो आणि फार चांगला होतो. भाईंच्या बायकोला मी व्हिसा मिळवून दिला, म्हणून टाळ्या पडल्या. मी हात जोडले. घरी आल्यावर वाटलं, आता हे नीट लिहून ठेवायला हवं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मस्कतमधल्या कुरुम भागात एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात कामगारांच्या रजा, व्हिसा, राहण्याच्या खोल्या हे सगळं माझ्याकडे होतं. भाई रत्नागिरीकडचे, होड्या बांधणाऱ्या घरातले. आमच्याकडे सुतारांचे फोरमन. मस्कतजवळ सीबला कंपनीच्या यार्डात एका खोलीत चौघे राहायचे. मी जवळच सहकुटुंब राहत होतो, त्यामुळे शुक्रवारच्या सुट्टीत यार्डात चक्कर व्हायची.

त्या यार्डात एक जुनी कॅराव्हॅन पडली होती. कुणी इंग्रज इंजिनियर मायदेशी जाताना सोडून गेलेला. टायर मातीला मिळालेले, आत मांजरीची पिल्लं. भाईंनी अर्बाबकडे, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकांकडे, ती मागितली. अर्बाब हसून म्हणाले, "खलास, ने. पण मांजरी माझ्याकडे पाठवू नकोस."

सगळे तिला डबा म्हणायचे. भाई गेली कित्येक वर्षं दोन वर्षांतून एकदा गावी जात, तेवढाच त्यांचा संसार. चौघांच्या खोलीत बायकोला आणणार कुठे? म्हणून हा डबा. एक हिवाळा तिला इथे आणायचं, डब्यात राहायचं, दर्याच्या कडेकडेने सहम गावापर्यंत जायचं. हिवाळाच, कारण उन्हाळ्यात त्या पत्र्यात माणूस भाजून निघाला असता.

त्यांनी टायर बदलले, पत्रे उतरवले, आतला कुजलेला सांगाडा ठोकून ठोकून शोधला आणि बदलला. सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासून भरला, होडीत भरतात तसा. मी म्हटलं, "भाई, हिला पाण्यात सोडायचीय का?"

"सवय हो सायेब. फट दिसली की हात ऱ्हात नाय."

इंग्रजाची बाकडी काढून त्यांनी जमिनीलगत बैठक केली आणि एका बाजूला खिडकी कापली. इतकी खाली की मला वाकून बघावं लागलं. मी म्हणालो, चुकलं तुमचं माप.

भाई बैठकीवर बसले. खिडकी त्यांच्या हनुवटीशी आली. "माजी नाय ही. ती जमिनीवरच बसते. बसली की तिचं डोळं हितं येतात." त्यांनी हवेत हात धरून दाखवला. माप घ्यायला ती तिथे नव्हती.

डबा तयार झाला, तेव्हा ते माझ्याकडे आले. बायकोच्या व्हिजिट व्हिसासाठी कंपनीचा होकार लागायचा आणि तो माझ्या हातात होता. अर्बाब मी सांगेन त्यावर सही करायचे. मी म्हटलं, "डब्याला घर कसं म्हणणार? पुढच्या हिवाळ्यात बघू, इन्शाल्ला." खरी अडचण वेगळीच होती. एकाला दिलं तर सगळे मागतील, या भीतीने मी विषय वरपर्यंत नेलाच नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा आले. "तिचं डोळं अधू होत चाललंत सायेब. लौकर झाला तर बरा."

"आपल्याकडे चांगले डॉक्टर आहेत हो," मी म्हणालो आणि दुसरी फाइल उघडली.

तिसऱ्या हिवाळ्यात मी अर्बाबना विचारलं. त्यांनी लगेच सही केली आणि वर विचारलं, "हे आधी का नाही आणलंस?"

एका शुक्रवारी मी आणि माझी बायको सहमला गेलो. किनाऱ्यावर डबा उभा होता, पांढरा स्वच्छ. आत भाईंची बायको खिडकीशी बसली होती. खिडकी बरोब्बर तिच्या डोळ्यांसमोर होती. आमची चाहूल लागली तशी ती वळली आणि आमच्या दोघांच्या मधे, रिकाम्या जागेकडे बघून हसली. काचबिंदूने दृष्टी पुरती गेली होती.

"आता काय दिसतंय वो?" तिने भाईंना विचारलं.

"एक होडी चाललीय. शीड नाय, इंजिनवाली. दोगं बसलेत, एक झोपलाय."

मी वाकून बघितलं. होडी होती. एक जण झोपला होता.

मग ती माझ्या दिशेने म्हणाली, "सायेब, तुमचं लय उपकार. ह्ये सांगत व्हते, तुमी धावपळ केलीत म्हनून मी आले."

भाई खाली मान घालून कपात चहा ओतत होते.

निघताना ते गाडीपर्यंत आले. मी म्हणालो, "भाई, त्या वेळी मी..."

"तिला सांगू नका," ते मधेच म्हणाले. "रोज दुवा मागते तुमच्यासाठी. मागू दे."

पुढे ते कायमचे गावी गेले. जाताना डबा सहमच्या एका मच्छीमाराला देऊन टाकला, जाळी ठेवायला. आमचे फोन व्हायचे, पाऊस आणि गुडघे यांच्यापलीकडे बोलणं कधी गेलं नाही.

मेळाव्यानंतर मी गावच्या नंबरावर फोन लावला. भाईंना सांगणार होतो की टाळ्यांच्या वेळी मी गप्प बसलो. फोन भाईंच्या बायकोने उचलला. भाई पावसाळ्याआधीच वारले होते. मी नाव सांगितलं.

"म्हंजे ते आमचं विजावालं सायेब?"

मी म्हणालो, "हो."