एका कडीत दोन किल्ल्या

तोताराम आबाच्या घरात कुठलीही वस्तू हवी असली तर आधी त्याच्या कमरेकडे बघावं लागायचं. कमरेला काळा करदोडा आणि करदोड्याला किल्ल्यांचा जुडगा. कपाशीच्या गोदामाची, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची, ट्रॅक्टरची, कपाटाची, डाळीच्या कोठीची. लोक करदोड्याला ताईत बांधतात, यानं अख्खं घर बांधलं होतं. आंघोळीला बसला तरी जुडगा अंगावर. अमळनेर तालुक्यातल्या त्या गावात तो दिसण्याआधी त्याचा खुळखुळाट ऐकू यायचा, आणि पोरं म्हणायची, बैल आला.

सुंदरबाई त्याची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू होती आणि किल्ल्या सासूच्या कमरेला असत. सासू गेली तेव्हा बायकांना वाटलं, आता त्या सुनेकडे येतील. रीतच तशी आहे. तेराव्याची पंगत उठली आणि तोतारामने जुडगा उचलून आपल्या करदोड्याला बांधला. बायामाणसांची झोप गाढ असते, असं कारण त्याने भावकीला दिलं. सुंदरबाई त्या दिवशी बोलली नाही. पण तिच्या मनातून तो माणूस उतरला तो उतरलाच. भांडण तिने कधी काढलं नाही, कारण भांडायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते. लग्नाला जायचं लुगडं हवं असलं तरी कपाट उघडायला तोताराम स्वतः यायचा, सदरा वर करून पोट पुढे काढून किल्ली हुडकायचा. ती दाराशी उभी राहून त्या उघड्या पोटाकडे बघायची आणि मनात म्हणायची, याच्यापेक्षा कुलूप बरं, ते निदान शहाणपण शिकवत नाही.

त्याच्या लेखी जगात धड माणूस नव्हता. सालदार गडी चोर, व्यापारी लबाड, भाऊ मतलबी, आणि पोटचा मुलगा प्रेमराज बावळट. प्रेमराज मुळात बावळट नव्हता. शेतकीचं शिक्षण घेऊन आला तेव्हा ठिबकचे नळ कसे टाकायचे, कुठलं बियाणं काळ्या रानात चालेल, यावर तासभर बोलायचा. पण मोटार सुरू करायची तर आबाला विचार, खताचं पोतं काढायचं तर आबाला विचार, असं करता करता तिशी उलटली, आणि आता भूक लागली तरी तो आधी बापाच्या तोंडाकडे बघायचा. सुंदरबाईला नवऱ्याचा तिटकारा होता. मुलाकडे बघून मात्र तिच्या पोटात तुटायचं.

तोतारामने नवी चारचाकी घेतली ती धुळ्याच्या शोरूममधून. गाडीचा रंग त्याने पाहिला नाही, सीट दाबून पाहिली नाही. विकणाऱ्या मुलाने इमोबिलायझर म्हणून काहीतरी सांगायला घेतलं तेव्हा मात्र तो पुढे सरकून बसला. मुलगा म्हणाला, किल्लीच्या काळ्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला स्वतःचा सेल लागत नाही. किल्ली घालायच्या भोकाभोवती तारेचं वेटोळं असतं, किल्ली फिरवली की ते चिपला जागं करतं. मग गाडीतला कॉम्प्युटर चिपला एक आकडा देतो. चिप आपल्या पोटातल्या गुप्त हिशेबाने त्या आकड्याचं उत्तर काढते, कॉम्प्युटरही तोच हिशेब मांडून बसलेला असतो. दोन्ही जुळलं तर इंजिनाला तेल मिळतं, नाही जुळलं तर नाही. आणि आकडा दर वेळी नवा, त्यामुळे कालचं उत्तर कोणी चोरून ऐकलं तरी आज ते कामाचं नाही.

तोतारामला हे इतकं आवडलं की परत येताना त्याने अमळनेरच्या स्टँडवर गाडी थांबवली आणि चावीवाल्याकडून साध्या पत्र्याची, दातांत तंतोतंत तशीच एक किल्ली कापून घेतली. गावात आल्यावर मारुतीच्या पारासमोर सगळ्यांना गोळा करून त्याने ती लावली. किल्ली फिरली, इंजिन एकदा खोकलं आणि मेलं. पुन्हा फिरवली, पुन्हा मेलं. तोतारामच्या चेहऱ्यावर असा आनंद सुंदरबाईने मुलगा झाला त्या दिवशीही पाहिला नव्हता.

"ही गाडी मनासारखी शे," तो स्वतःच्या छातीवर थाप मारून पाराला म्हणाला. "चाबी बरोबर व्हई तरी इश्वास ठेवस नही."

तेव्हापासून घरी कोणीही आलं की चहाआधी हा खेळ. लोक गाडी चालते म्हणून दाखवतात, हा गाडी चालत नाही म्हणून दाखवायचा. सुंदरबाई ओट्यावरून बघायची आणि आत निघून जायची.

खऱ्या किल्ल्या दोन मिळाल्या होत्या. विम्याच्या माणसाने बजावलं होतं की गाडी चोरीला गेली तर दोन्ही किल्ल्या दाखवाव्या लागतील. त्यामुळे एक कपाटात गेली आणि कपाटाची करदोड्याला. दुसरी गाडी चालवताना प्रेमराजच्या हातात आणि गाडी थांबली की पुन्हा बापाच्या हातात. एखादा बाप म्हणाला असता, एक तुझ्याजवळ राहू दे. याच्या डोक्यात तो विचार आलाच नाही, आणि प्रेमराजच्या डोक्यातून तो केव्हाच निघून गेला होता.

शेती करणाऱ्या पोराला हल्ली मुलगी मिळत नाही, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. प्रेमराजची आधीची स्थळं घर बघायला आली आणि घर बघून गेली. एका मुलीच्या आईने सहज विचारलं होतं की डाळ-दाणा कुठे ठेवता, तर तोतारामने अभिमानाने कोठीचं कुलूप दाखवलं. ती बाई चहा अर्धा ठेवून उठली. अशात धुळ्याच्या देवपुरातून छगन भाऊंच्या मुलीचं स्थळ आलं. रूपा तिचं नाव. गाड्या दुरुस्तीला येतात तिथे काउंटरवर ती काम करायची. येणाऱ्या गाडीचं दुखणं ऐकून घ्यायचं, कारागिराला समजावायचं, गिऱ्हाइकाला बिल समजावायचं. खेड्यात राहायला तिची तयारी होती, नोकरी मात्र सोडणार नव्हती. सुंदरबाईने फोटो पाहिला आणि तिला वाटलं, ही पोरगी कोणाच्या कमरेकडे बघणार नाही. त्या घरात एका तरी माणसाने ताठ मानेने वावरावं, एवढंच तिला आता हवं होतं. हे स्थळ गेलं तर पुढे कोणी येईल याची आशा नव्हती.

मुलगी बघायला जायच्या दिवशी घरात रंगारी लागले होते. रंगाऱ्यांच्या भरवशावर कपाट कसं सोडायचं, म्हणून तोतारामने त्यातली गाडीची किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात घातली. देवपुरात गाडी थांबली. प्रेमराजने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि कोणी न मागता बापापुढे धरली. दारात रूपा उभी होती. तिने ते पाहिलं आणि हसून आत या म्हणाली.

सोफा मऊ होता. तोताराम त्यात रुतला तशी खिशातली किल्ली घरंगळून गादीच्या फटीत गेली. त्याचा चेहरा पांढरा पडला. पोह्यांची बशी बाजूला ठेवून त्याने फटीत कोपरापर्यंत हात घातला, किल्ली काढली, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून दोन्ही किल्ल्या नखाने एकाच कडीत घुसवल्या. मग भर बैठकीत सदरा वर करून कडी करदोड्याला बांधली. छगन भाऊ कॅलेंडरकडे बघत राहिले. रूपाची आत्या पाणी आणते म्हणून गेली ती आलीच नाही. सुंदरबाईला वाटलं, फरशी फाटावी आणि या माणसाला तेवढं आत घ्यावं.

पण आतल्या खोलीत वेगळंच घडत होतं. रूपा आणि प्रेमराज बोलत होते आणि दार उघडं होतं. बाप समोर नसला की प्रेमराजला कंठ फुटायचा. तो ठिबकबद्दल सांगत होता, ती मध्येच विचारत होती, दोघं हसत होते. सुंदरबाईने ते हसणं ऐकलं आणि मनातल्या मनात कुलदेवतेला नारळ बोलली. बाहेर येताना रूपा तिच्या कानाशी म्हणाली की तुमचा मुलगा चांगला आहे. सुंदरबाईला सोफा, सदरा, पोट सगळं विसरायला तेवढं पुरे झालं.

निरोप झाला. सगळे गाडीपाशी आले. तोतारामने करदोड्याची कडी सोडून प्रेमराजच्या हातात दिली, त्याने किल्ली लावून फिरवली. इंजिन खोकलं आणि मेलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. समोरच्या पट्टीवर किल्लीच्या चित्राचा एक लाल दिवा लुकलुकत होता. पारावर लोकांना हसत दाखवलेलं दृश्य आज देवपुरातल्या गल्लीसमोर होत होतं, आणि तोतारामला हसू येत नव्हतं.

नाचता येईना अंगण वाकडं. तो खाली उतरला, गाडीला एक फेरी मारली आणि छगन भाऊंकडे वळून त्याने सरळ विचारलं, "गाडीले कोनी हात लावा?"

छगन भाऊ शांत माणूस, पण त्यांच्या मानेची शीर ताठली. आमच्या दारात कोणी कोणाच्या वस्तूला हात लावत नाही, असं ते म्हणाले. तोतारामने ऐकून घेतलं नाही. शहरातल्या लोकांचे हात कसे असतात यावर तो बोलू लागला. सुंदरबाईला दिसत होतं की लग्न तिच्या डोळ्यांदेखत, एकेका शब्दाने, मोडत चाललंय.

तेव्हा रूपा पुढे आली. तिने खिडकीतून आत वाकून दिवा पाहिला, किल्ली पाहिली.

"काका, कोणी काही केलेलं नाही," ती म्हणाली. "या कडीत दोन किल्ल्या आहेत. गाडी विचारते तेव्हा दोघी एकदम उत्तर देतात, आणि तिला एकीचंही धड ऐकू येत नाही. मग ती दोघींनाही परकं समजते. किल्ल्या दोन्ही खऱ्या आहेत. एकत्र बांधल्यात एवढंच. आमच्याकडे अशा गाड्या ओढत आणतात लोक."

तोताराम म्हणाला की खरी किल्ली ती खरीच, एक असो की दोन. आणि एक सोडायची तर ठेवायची कोणाकडे, हेही त्याने विचारलं. ते त्याने खरोखर विचारलं, शेजारी बायको आणि मुलगा उभे असताना.

रूपा प्रेमराजकडे वळली. "तुम्ही किल्ली हातात घेतलीत तेव्हा दोन दिसल्या असतील ना?"

"दिसल्या."

"मग?"

"आबांनी बांधल्या होत्या," प्रेमराज म्हणाला.

सुंदरबाईने पुढे होऊन खिडकीतून हात घातला आणि कडी ओढून घेतली. कडी कडक होती. तिने अंबाड्यातली पिन काढली, फट रुंदावली आणि एक किल्ली सोडवली. दुसरी प्रेमराजला दिली आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गल्लीतलं कोणीतरी हसलं. तोतारामने सोडवलेल्या किल्लीसाठी तिच्यापुढे हात पसरला. तिने त्या हाताकडे पाहिलंही नाही. ती खिडकीशी गेली आणि किल्ली मुलापुढे धरली.

"धर. ही तुनी. आते कोनले इचारू नको."

प्रेमराजने किल्लीकडे पाहिलं. मग त्याची नजर वर गेली, आईला ओलांडून, बापाकडे. हात काही उठला नाही.

रूपाने ते पाहिलं. तिने कपाळावर आठी घातली नाही की तोंड वाकडं केलं नाही. सुंदरबाईच्या पाया पडली आणि आत गेली. छगन भाऊ म्हणाले, कळवतो. या कळवण्याचा अर्थ लग्नाची पोरं असलेल्या घरांना सांगावा लागत नाही.

परतीच्या वाटेवर तोतारामने मुलीत खोट काढली. ग्रीसमध्ये हात घालणारी पोरगी, जीभ लांब, घर बुडवलं असतं. मग पुढच्या सीटवरून त्याने हात मागे केला आणि किल्ली मागितली. सुंदरबाई इतकी वर्षं बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली.

"चाबी मनाजोडे ऱ्हाई. ती पोरगी तुमनामुये नही गई. तुमले तिनी माफ कयं व्हतं. ती ह्या पोऱ्यामुये गई, आनि ह्या पोऱ्याले असा तुम्ही कया."

तोतारामने हात मागे घेतला. प्रेमराज रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. त्याचे कान लाल झाले होते, आणि सुंदरबाईला वाटलं, ऐकतोय म्हणजे अजून काहीतरी शिल्लक आहे.

गाडी अंगणात आली. रंगारी शिडीवरून बघत होते. प्रेमराजने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि क्षणभर ती मुठीत धरून ठेवली. मग त्याचा हात डावीकडे गेला, बापापुढे उघडला, आणि तोतारामने सदरा वर केला.

सुंदरबाई दार उघडून खाली उतरली. तिच्या कनवटीला एक खरी किल्ली होती, आणि त्या घरात ती घेणारं कोणी नव्हतं.