माफीचा व्हिडिओ

४ ऑक्टोबर, शनिवार. शाळेच्या स्टोअररूममध्ये बसून हॉकीस्टिकांच्या ग्रिप बदलत होते. सोमवारी संभागाची, म्हणजे विभागीय, मॅच होती आणि अर्ध्या स्टिकांच्या मुठी घामाने गुळगुळीत झाल्या होत्या. जुनी ग्रिप ब्लेडने सोडवायची, मूठ ओल्या फडक्याने पुसायची, नवी ताणून गुंडाळायची. काहींवर नवमीचं हळदकुंकू अजून होतं. ते मी तसंच राहू देत होते.

तेवढ्यात प्राचार्यांचा निरोप आला. गेले, तर त्यांनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला.

आमची शाळा हिंदी मुलखात, खमरियाच्या रस्त्यावर. मुली बहुतेक तिथल्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत काम करणाऱ्यांच्या, आणि मी त्यांची खेळाची शिक्षिका. खंडेनवमीला फॅक्टरीतले लोक हत्यारांची पूजा करतात, आमच्या घरीही वडील पान्यांची आणि कानशीची करायचे. म्हणून मुलींची टीम हातात आली तशी मी स्टिकांची पूजा सुरू केली. हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल, पेढा. त्या दिवशी खेळायचं नाही. स्टिक घरी न्यायची, भिंतीशी उभी ठेवायची आणि दसऱ्याला उचलायची. टीममध्ये सगळ्या धर्माच्या मुली आहेत, कोणी कधी कुरकुर केली नाही. पेढा सगळ्यांना आवडतो.

मोबाइलवर व्हिडिओ होता. कोणाच्या तरी क्वार्टरची खोली, भिंतीशी माझ्या हळदकुंकवाच्या स्टिका, खाली बिअरच्या बाटल्या आणि माझ्या चार मुली. नवमीची रात्र, घरचे मोठे देवीच्या मंडपात गेलेले. माझी कॅप्टन, बारावीतली, ग्लासात बोट बुडवते, स्टिकवर शिंपडते आणि म्हणते, "ले, तीर्थ ले." बाकीच्या खिदळतात. एकीने तो मैत्रिणींपुरता स्टेटसला टाकला होता. मैत्रिणींतल्या एकीने तो उतरवून घेतला आणि आता तो सगळ्या वसाहतीच्या ग्रुपवर फिरत होता.

मी पुन्हा पाहिला. चौघीही प्यालेल्या होत्या, त्यात शंका नव्हती. सोळा-सतरा वर्षांच्या मुली. मला राग आला तो एवढ्याचा. थेंब स्टिकवर पडला तर स्टिक धुता येते. पोटात काय गेलं, ते बघणं माझं काम.

लोकांचं उलटं होतं. बिअरबद्दल ग्रुपवर फारसं कोणी बोलत नव्हतं. पूजेच्या वस्तूचा अपमान झाला आणि तोही मुलींनी केला, यावर रान उठलं होतं. बाटल्या आणून देणारा एकीचा मोठा भाऊ, त्याचं नावही कोणी विचारलं नाही. मी नंतर विचारलं, आणि त्याच्या आईला सांगूनही आले.

प्राचार्य म्हणाले, वसाहतीतली चार वजनदार माणसं उद्या, रविवारी, अकराला ऑफिसात येणार आहेत. चौघींनी हात जोडून माफी मागायची, ती माणसं ते चित्रित करून ग्रुपवर टाकणार. तेवढं झालं की शाळेपुरता विषय संपला. सोमवारी चौघी खेळू शकतात.

"मैडम, दो मिनट का वीडियो है. बच्चियों का साल भी नहीं बिगड़ेगा."

मी म्हटलं, मग दारूची शिक्षा कोणती? मी सांगितलं, चौघी सोमवारी खेळणार नाहीत. त्यांच्या जागी नववी-दहावीतल्या उतरतील, आणि या चौघी त्यांना पाणी देतील. आई-वडिलांसमोर मी स्वतः बोलेन. व्हिडिओ मात्र नाही. प्राचार्य वाईट माणूस नाही, दमलेला आहे. म्हणाले, पालक तयार असतील तर मी कोण अडवणारा. आणि ती माणसं इतर तिघींना सोडतीलही, पण शिंपडणारी त्यांना हवीच आहे.

म्हणजे प्रश्न कॅप्टनचा होता. तिचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. सोमवारी राज्याच्या टीमसाठी निवड करणारे येणार होते आणि माझ्याकडे आजवर आलेल्यांत सेंटर हाफला तिच्याइतकी डोक्याने खेळणारी दुसरी नाही. हे मला माहीत होतं, म्हणूनच स्कूटर काढण्याआधी निर्णय पक्का करून घेतला.

बाकी तिघींच्या घरी आधी गेले. रडारड झाली, एकीला माझ्यासमोर थापड बसली, ती मी थांबवली. पण व्हिडिओला तिघींच्याही घरून नकार मिळाला. संध्याकाळी कॅप्टनच्या क्वार्टरवर पोचले.

वडील फॅक्टरीत मशीनवर आहेत. घरात मराठी, पण मुलगी समजते मराठी आणि बोलते हिंदी. ती कूलरला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. वडिलांनी मला बसाही म्हटलं नाही. मी बसले.

"मॅडम, लोकं मले गेटवर थांबवून विचारून राहिले," ते म्हणाले. "पोरगी माफी मागते म्हणून राहिली, तर तुम्ही नको म्हणता. काहून नको?"

मी सांगितलं, माफी मागायला माझी हरकत नाही, कॅमेऱ्यासमोर मागायला आहे. पहिला व्हिडिओ अंधारा आहे, चेहरे धड दिसत नाहीत, महिन्याभरात लोक विसरतील. दुसऱ्यात ती उजेडात उभी असेल, नाव सांगेल, शाळा सांगेल, हात जोडेल. तो कोणी विसरू देणार नाही. नोकरीच्या मुलाखतीआधी कोणी नेटवर तिचं नाव टाकलं तरी तोच वर येईल.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "खरं आहे. उद्या कोणाच्या लग्नात गेलो तरी बाया तोच काढून बसतीन."

"तू चूप," वडील म्हणाले. पण आवाज उतरला होता.

मग मुलगीच बोलली. "मॅडम, मैं बोल दूँगी ना. मुझे सोमवार का मैच चाहिए."

"मॅच तुला नाहीच," मी म्हटलं. "व्हिडिओ कर, नाहीतर नको करू. टीम मी निवडते. बिअर प्यायलेली मुलगी सोमवारी उतरणार नाही."

तिने वडिलांकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, ते माझ्याशी भांडतील. ते कोरडं हसले.

"म्हणजे पोरगी दोन्हीकडून गेली."

"एकीकडून. व्हिडिओ केला तर दोन्हीकडून."

त्यावर ते उठले, भिंतीशी ठेवलेली स्टिक उचलली आणि म्हणाले, हॉकीच बंद करतो, मोडून टाकतो ही. मी म्हटलं, ती शाळेची आहे, मोडता येणार नाही. त्यांनी ती परत ठेवली, आपटली नाही. मला तेवढं पुरेसं वाटलं. जाताना सांगितलं, "सकाळी मैदानावर पाठवली तर ती माझी जबाबदारी. अकराला ऑफिसात पाठवली तर त्यांची. तुम्ही ठरवा."

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू शस्त्रांची पूजा करतेस, मग एखादं तुझ्यावर चालणारच." आणि पोळीवर तूप वाढून घेतलं. मला कॅप्टनच्या जागी कोणाला उतरवायचं याचा विचार पडला होता. नववीतली एक मुलगी होती, पळायला चांगली, पण पास देताना मान खाली घालणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला मैदानावर गेले. टीम आली, तिघी आल्या, एकमेकींना चिकटून. कॅप्टन नव्हती. मी वॉर्मअप सुरू केला. मैदानाचे दोन फेरे झाले तेव्हा फाटकाशी स्कूटर थांबली. वडिलांनी तिला उतरवलं, स्टिक तिच्या हातात दिली आणि माझ्याकडे न पाहता गाडी वळवली.

ती समोर येऊन उभी राहिली. स्टिक धुतलेली होती, हळदकुंकू गेलं होतं. "सॉरी मॅडम," म्हणाली. कॅमेरा नव्हता, टीम ऐकत होती. तिच्यामागून तिघीही म्हणाल्या. मी ठीक म्हटलं. मग आदल्या दिवशी अर्धवट राहिलेली स्टिक तिच्या हातात दिली. ती त्या नववीतल्या मुलीची होती. सांगितलं, आधी हिची ग्रिप पूर्ण कर, मग हिला पास देताना मान वर ठेवायला शिकव. सोमवारी तुझ्या जागी हीच आहे. मग ती खाली बसली आणि ग्रिप ताणायला लागली.

अकराच्या आधी मी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन खुर्ची धरली. चौघे आले, एकाच्या हातात मोबाइल तयारच. मुली कुठे आहेत, विचारलं. मी म्हटलं, मैदानात. शिक्षा झालेली आहे, मॅच गेलेली आहे, व्हिडिओ होणार नाही. त्यातल्या ज्येष्ठांनी विचारलं, पूजेच्या अपमानाचं काय, आणि तुम्ही कोण ठरवणाऱ्या?

"पूजा मैंने की थी," मी म्हटलं. "हल्दी मेरे घर की, पेड़े मैं लाई थी. जिसकी पूजा, उससे माफ़ी माँग ली गई है. मैंने मान ली."

ते प्राचार्यांकडे पाहायला लागले. प्राचार्यांनी चहा मागवला. मोबाइलवाल्याने मोबाइल खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मी चहाला थांबले नाही. मैदानावर परत आले. त्या नववीतल्या मुलीने पास दिला, मान खालीच होती. कॅप्टन तिच्यावर ओरडत होती. मी शिट्टी वाजवली आणि म्हटलं, पुन्हा.