मशिनीतल्या बाळाला धुरी

मी बंदेनवाज, अत्तरवाला. विजापूर वेशीत माझं दुकान, आणि माझ्याच घरात अत्तराला बंदी. हसा, हसा. सगळा बाजार हसतो.

ही बंदी घातली माझ्या थोरल्या लेकीनं, फिरदोसनं. ती टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात, आतल्या लॅबमध्ये काम करते. बाईच्या पोटात जे व्हायचं, ते ती काचेच्या बशीत घडवते आणि पाच-सहा दिवस तो जीव मशिनीत सांभाळते. त्या जीवाला वासाचं वावडं. अत्तर नको, गजरा नको, पावडर नको, ऊदबत्ती तर नकोच नको.

मी म्हटलं, "एवढं नाजूक असतं तर आपण सगळे जन्मलो कसे गं?"

"आईच्या पोटात अत्तराचं दुकान नसतं, अब्बा," म्हणाली. जीभ बापावरच गेलीय.

मग एकदा जेवताना तिनंच समजावलं. पेशीला त्रास झाला की ती वाढायचं सोडते आणि आधी आतली पडझड सावरायला बसते. सावरलं तर पुन्हा वाढते, नाही सावरलं तर विझते. मोठ्या माणसाच्या पेशीकडं सावरायला सगळं सामान असतं. या नव्या जिवाकडं पहिले दोन-तीन दिवस आईच्या अंड्यातून आलेली शिदोरीच. ती संपायच्या आत त्याची स्वतःची चूल पेटावी लागते.

तेव्हापासून मी दुकानातच कपडे बदलतो, साबणानं हात घासतो, आणि तरी ही बया दारात माझा वास घेऊन मगच आत सोडते. ईदला सगळ्यांच्या मनगटाला अत्तर लावतो, ही हात मागं घेते. धाकटीच्या, महेजबीनच्या लग्नात वलीम्याचं ताट सोडून मशीन बघायला गेली. पेशींना रविवार कळत नाही म्हणे. दुर्बिणीत बघून बघून मान अवघडलेली, डोळे सुजलेले. थकलीय माझी पोर. लई थकलीय, आणि तिला बघून मीही.

दुपारी तिचा डबा घेऊन मी दवाखान्याच्या फाटकापर्यंतच जातो. आत मला मज्जाव. यंदा मे महिन्यात, जमीन भाजत होती तेव्हा, तिथं लिंबाखाली मैंदर्गीची शिवम्मा भेटली. तिची सून भुवनेश्वरी आत दाखल होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, अंडी संपत आलीत, हा शेवटचा डाव. त्यातही एकच गर्भ धरला होता.

"चाचा, तुमची लेक आमच्या कूसूला सांभाळती व्हय?" म्हातारीनं विचारलं. कूसू म्हणजे कानडीत बाळ. "आई न्हाय, आज्जी न्हाय. मशिनीत एकटंच हाय की वो ते."

मी म्हटलं, "आव्वा, एकटं कसलं? माझी पोर डोळ्यांत तेल घालून बसलीय."

दुसऱ्या दिवशी फाटकात पाय ठेवला आणि नाक उभं राहिलं. ओवा, ऊद, लसणाची सालं. हा तर बाळंतिणीच्या खोलीतला वास! या अल्लाह, इथं धुरी कोण देतंय?

धावत मागच्या बोळात गेलो. लॅबची हवा ज्या जाळीतून आत ओढली जाते, तिथं शिवम्मा उकिडवी बसलेली. समोर मातीचं धुपाटणं, आणि ती पदरानं धूर जाळीत ढकलत होती.

"आव्वा, थांबवा ते!"

"का वो? कूसूला वारं कुटनं जातं म्हून इथल्या झाडूवाल्या मावशीला इचारलं, तिनं हे दावलं. न्हाणं तर न्हाय त्याला, निदान धुरी तरी!"

धुपाटणं तसंच उचललं आणि फाटकाबाहेर नेऊन टाकलं. बोटं भाजली. आता आत जाऊन सांगावं, तर अंगाला माझ्याच दुकानाचा घमघमाट. पायरीवर उभा राहून बोंब मारली, "फिरदोस! हवा बंद कर!"

ती बाहेर आली. "अब्बा, आधी लांब व्हा." मग तिला वास आला. ती तशीच आत पळाली.

रात्री जेवताना म्हणाली, "चार पेशी होत्या, अजून चारच आहेत."

"सावरायला बसलं असेल."

"असेल."

जाळीला गाळण्या असतात, धूर किती आत गेला कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशीही चारच. शिवम्मा लिंबाखाली नुसती बसून, भाकरीचं फडकं सोडायलाही तयार नाही. त्याच्या पुढच्या दिवशी फिरदोसनं मला फोनवर सांगितलं, थांबलं ते थांबलंच.

"धुरीनं?"

"बिनधुराचेही कितीतरी थांबतात, अब्बा. खरं कुणालाच सांगता येणार नाही."

दुपारी मी डबा घेऊन उभा असताना ती दोघींना सांगायला फाटकाशी आली. शिवम्मानं तिचे दोन्ही हात धरले. "माज्या धुरीनं गेलं का गं, बाई?"

भुवनेश्वरी रडायची थांबली आणि फिरदोसच्या तोंडाकडं बघू लागली. त्या सासू-सुनेनं यापुढं एका घरात कसं जगायचं, ते त्या एका शब्दावर ठरणार होतं.

"नाही, आव्वा," फिरदोस म्हणाली. "कुणामुळंच नाही. काही काही असेच थांबतात."

म्हातारी मटकन खाली बसली. सुनेनंच तिला धरून उठवलं. खरं माहीत नसताना पोरीनं ते "नाही" स्वतःच्या शिरावर घेतलं होतं.

संध्याकाळी घरी आली. दारात माझा वास घेतला नाही. चपला काढल्या, माझ्यासमोर बसली आणि मनगट पुढं केलं.

"अब्बा, लावा थोडं. हिना असेल तर हिना."

"आणि उद्या कामावर?"

"मशीन रिकामी आहे."

मी उठलो. कपाट बघितलं, फडताळ बघितलं, जुन्या शेरवानीचे खिसे उलटे केले. दुकानाकडं निघालो तर तिनं हाक मारली, "राहू द्या, अब्बा. परवापासून दुसरं येतंय."

आणि मनगट ओढणीखाली घेतलं. इतक्या वर्षांत पोरीनं एकदाच मागितलं, आणि अत्तरवाल्या बापाच्या घरात एक थेंब निघाला नाही.