गडग्यावरची कुंभारीण

आचऱ्यात रोझालिना टीचर आणि गुरुदास यांच्या बागांमध्ये जांभ्या दगडांचा एक गडगा, म्हणजे हद्दीची भिंत, होता, आणि भांडायला कोकणात एवढं पुष्कळ झालं. माडाजवळ गुरुदासच्या बापानं तो हातभर टीचरच्या बागेत सरकवला होता. अख्ख्या वाडीला ठाऊक. पण टीचरनी कधी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. हातभर जमीन काय उरावर न्यायची आहे!

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना नाद लागला किड्यांच्या फोटोंचा. कॅमेऱ्याला भिंग लावून रोज सकाळी गडग्यापाशी गुडघे टेकून, श्वास रोखून बसायच्या. एका दगडावर कुंभारीण माशीनं मातीचं इवलंसं मडकं केलं होतं. आत अंडं घालून, पिल्लाच्या खाण्यासाठी अळ्या कोंबून तोंड लिंपून टाकलं होतं. मडकं फोडून पिल्लू बाहेर येताना टीचरना टिपायचं होतं. गेल्या वर्षी हुकलं. यंदा त्यापायी चर्चमधला रविवारचा मिस्साही बुडवला, आता बोला!

गुरुदासच्या डोक्यात भलतंच भूत.

"टीचर, गडग्याचे फोटो कित्याक काढतास? कोर्टात जातलास?"

"तुझो गडगो घाल चुलीत! किड्याचे काढतंय मी."

"माका खुळो समाजतास?"

दुसऱ्या दिवशी मेला कोयता घेऊनच आला. टीचरना धास्ती मडक्याची. जन्मात कधी कुणापुढे खुलासा केला नव्हता, तो केला आणि कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

"बघ बाबा. खंय आसा तुझो गडगो?"

त्यानं एकेक फोटो पाहिला. माशीचे डोळे, पाय, तोंडातला मातीचा गोळा. मागचं सगळं धूसर. गुरुदासचा जीव भांड्यात पडला. खो खो हसला.

"ह्याच्यासाठी? आणि माका थंय झोप नाय!"

असं म्हणून त्यानं कोयत्याच्या टोकानं मडकं उडवलं. आतलं पांढुरकं, नुकते पाय फुटलेलं पिल्लू दगडावर पडलं, जरा वळवळलं आणि थांबलं.

"चावली आसती कोणाक तरी," वर उपकार केल्यासारखा म्हणाला.

टीचरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ह्या माणसासमोर त्या रडणार? हॅट! त्यांनी गुडघ्यांची माती झटकली, भिंग काढून साधी लेन्स लावली आणि तरातरा माडाजवळ गेल्या. दगड न् दगड टिपायला लागल्या.

गुरुदास धावत आला. "आता काय काढतास?"

"गडगो," टीचर म्हणाल्या. "कोर्टात दाखवूक."