गंगाफळाचा गट

कृषी पदवी घेतल्यावर मला पहिलं काम मिळालं ते शहरातल्या एका कृषी प्रदर्शनात. तिथं मोठ्या भाज्यांची स्पर्धा असते. आलेल्या प्रत्येक भोपळ्याचा गट ठरवणं माझ्याकडं होतं. नियम परदेशी स्पर्धांवरून घेतलेला. साल पिवळी किंवा केशरी असेल तर भोपळा, हिरवी किंवा राखाडी असेल तर स्क्वॅश. दोन्ही रंग असले तर फळावर मासे धरायच्या जाळ्याचा तुकडा पसरायचा आणि चौकटी मोजायच्या. ज्या रंगाच्या जास्त, तो गट. आईबापांनी शेळ्या राखून मला शिकवलं होतं. माझ्या सहीनं काही ठरतं, याचं मला अप्रूप होतं.

त्या वर्षी मायनंही भाग घेतला होता. अर्ज मीच भरला. आमचं गाव अजिंठ्याच्या अलीकडं. तिथं लाल भोपळ्याला गंगाफळ म्हणतात आणि वेल उकिरड्यावर सोडतात. मायनं वेलाला एकच फळ ठेवलं, बाकीची खुडून टाकली. खाली कडबा घातला, देठाला काळा दोरा बांधला. दर दोन दिवसांनी ती फळ बोटभर फिरवायची आणि वरची पानं बाजूला सारायची. सगळ्या अंगाला ऊन लागलं की रंग सारखा येतो, असं तिचं म्हणणं.

स्पर्धेला महिना असताना ती गेली. सकाळी शेळ्या सोडायला उठली आणि गोठ्याच्या दारातच खाली बसली, तेवढंच. आमच्याकडं सुतकात वेलाला कुणी शिवत नाही. तेरा दिवस त्या फळाकडं कुणी फिरकलं नाही. नंतरही कुणाच्या लक्षात आलं नाही. चौदाव्या दिवशी मी कामावर आलो. मला रडू आलं नव्हतं. जेवण, झोप, सगळं वेळेवर होत होतं.

स्पर्धेच्या दिवशी वडील ते फळ छोट्या टेम्पोतून घेऊन आले. चौघांनी मिळून उतरवलं. एक अंग केशरी, बाकी हिरवट राखाडी. रांगेत हर्सूलचा एक शेतकरी होता. तो हसून म्हणाला, "काका, अर्धं रंगवायचं राहिलं व्हय?"

"रंगवणारी गेली," वडील म्हणाले.

त्यानं आपलं फळ थोडं मागं सरकवून आम्हाला जागा दिली.

मुख्य परीक्षक बाईंना मी सांगितलं, की हे आमच्या घरचं आहे. त्या म्हणाल्या, "मोजा तुम्हीच. मी शेजारी उभी राहते."

मी जाळं पसरलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. दोन्ही रंगांच्या सीमेवर काही चौकटी अशा होत्या, की कुठंही धरता आल्या असत्या. बाई हळूच म्हणाल्या, "त्या केशरीत धरल्या तरी मी काही म्हणणार नाही." त्या चौकटींत हिरवं जास्त होतं. मी त्या हिरव्यात धरल्या.

"काय आलं?" वडिलांनी विचारलं.

"स्क्वॅश."

"ते काय असतं?"

"हिरवा गट, बापू."

"गंगाफळाला गंगाफळ म्हणाया काय जातं रं तुमचं?"

"हिरवं जास्त आहे."

"तेरा दिस कुणी फिरवलं नाय म्हणून हिरवं हाय. तुला ठाव हाय."

"ठाव हाय."

"मग तसं लिही की."

कार्डावर तसं लिहायला जागा नव्हती. मी प्रामाणिक राहायचं ठरवलं होतं, असं म्हणवत नाही. मोजत होतो तोवर डोकं शांत होतं, आणि मोजून जे आलं ते मी लिहिलं.

स्क्वॅशच्या गटात तेवढं एकच फळ आलं. संध्याकाळी मायचं नाव पुकारलं, पहिला क्रमांक. वडील खुर्चीवरून उठले नाहीत. मी स्टेजवर गेलो. निवेदकानं माईकवरच विचारलं, "ताई आल्या नाहीत का?" मी नाही म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रमाणपत्र वडिलांनी हातात घेतलं नाही. "एकलीच व्हती त्यात. मग पयली कशी?" असं म्हणून ते टेम्पोकडं निघाले. फळ पुन्हा चढवलं. ते हलू नये म्हणून मी दोन्ही बाजूंनी पोती लावत होतो. ते बघत उभे होते.

"रंग बघत्यात, हे तुला आधीपासून म्हाईत व्हतं ना?"

"व्हय."

"फोन केला असतास तर पानं सारली असती मी. सुतक फिटल्यावर आठ दिस नुसता बसूनच व्हतो."

मी शेवटचं पोतं आत दाबलं. ते पुढं जाऊन ड्रायव्हरशेजारी बसले.