भारी धान आधी

माझ्या मुलीचं विमानविद्येचं एक वर्ष वाया गेलं, त्याला कारण भारी धान.

(हसू नका. मी अजून हसलेलो नाही.)

सिंदेवाहीजवळच्या एका फार्मवर धान (म्हणजे तुमचा भात) पेरण्यात माझी तीस वर्षं गेली. हलका धान लवकर निघतो, भारी धानाला महिनाभर जास्त लागतो. म्हणून भारी आधी पेरायचा, हलका मागून. एवढ्या एका ज्ञानावर मी नोकरी केली, संसार केला, घर बांधलं. कुठंही अडलं नाही. मग आमची प्रज्ञा नागपूरला एरोस्पेस इंजिनिअर व्हायला गेली, आणि अडलं!

तिच्या कॉलेजात कोणत्या सत्रात कोणते विषय घ्यायचे ते मुलांनीच ठरवायचं असतं. दुसरं वर्ष सुरू होण्याआधी ती घरी आली आणि तापानं फणफणली. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा तिला उठून बसवत नव्हतं. कपाळावर ओली पट्टी, उशाशी माझी बायको शीला. पोरीनं वहीचं एक पान माझ्या हातात दिलं. राहिलेल्या तीन वर्षांचे सगळे विषय तिनं क्रमानं लिहिले होते. पुढच्या वर्गातल्या मुलींना विचारून विचारून दोन महिने खपली होती त्यावर.

"बाबा, वरचे चार विषय भरजा. जसेच्या तसे. डोकं नोका लावू."

"मी कायले डोकं लावतो वं?"

"तुमी लावता म्हनूनच सांगून राह्यली."

मी रस्त्यात पान उघडलं आणि डोकं लागलंच! सगळ्यात वर काय, तर गणित-३. आणि 'रॉकेट प्रोपल्शन', 'स्पेस फ्लाइट मेकॅनिक्स' वगैरे मंडळी पार तळाला, शेवटच्या वर्षात. म्हणजे हलकं आधी, भारी मागून! धानाच्या बांधीत, खाचरात वाढलेली पोरगी, आणि ही चूक? (हलकं-भारी मी कसं ओळखलं? नावावरून. ज्याचं नाव एका दमात घेता येत नाही तो विषय भारी. गणित तर मीही केलं होतं. नापास झालो होतो, पण केलं होतं.) तापात लिहिलं असेल बिचारीनं, असं म्हणून मी तिला मनातल्या मनात माफही करून टाकलं.

ऑनलाइन सेंटरवाला बंडूभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. एका बोटानं टाइप करतो, पण घाईघाईनं.

"इथी तं वर गनित लिवलं दिसते, भाऊ."

"तापात लिवलं तिनं. तू तळचे चार घे."

बंडूभाऊनं तळचे चार घेतले. मग थांबला.

"लाल अक्षरात इचारून राह्यलं. याच्या आधीचे विषय झाले काय म्हनते."

"हव म्हन."

"झाले काय पन?"

"होतीन ना बापा! पेरतानी कोनी इचारते काय, धान झाला काय म्हनून?"

बंडूभाऊला हे तंतोतंत पटलं. (तोही धानवालाच!) त्यानं 'हो'वर टिक केली. घरी येऊन मी पोरीला सांगितलं, "भरला." ती डोळे मिटूनच "थँक्यू बाबा" म्हणाली आणि कूस बदलून निजली. ते थँक्यू मला अजून टोचतं.

ताप उतरून ती नागपूरला पोचेपर्यंत फॉर्म बदलायची मुदत संपली होती. पहिल्याच दुपारी फोन!

"बाबा, मी कोनत्या वर्गात बसून आहो, माहीत हाये?"

"कोनत्या?"

"शेवटच्या वर्षाच्या! सरांनी फळाभर लिवलं. त्यातलं मले फक्त बरोबरचं चिन्ह समजलं."

"मंग चांगलंच झालं ना! भारी काम आधी उरकून जाते..."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडली. रडत रडतच तिनं मला समजावलं, की गणिताशिवाय हवेचा विषय कळत नाही, हवेशिवाय विमानाचा कळत नाही आणि विमानाशिवाय रॉकेटचा. आणि गणित-३ फक्त जुलैत सुरू होतं, त्याच्या जागा भरून गेल्या. म्हणजे थेट पुढचा जुलै! सगळ्या मैत्रिणी पुढे, आणि ही एक वर्ष मागे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं नागपूर गाठलं आणि विभागप्रमुख मॅडमपुढे हात जोडून उभा राहिलो. चूक पोरीची नाही, माझी आहे. असं का केलंत, त्यांनी विचारलं. मी भारी धान सांगितला. मॅडमनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला.

"पुढच्या जुलैत या," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही नका येऊ. मुलीला पाठवा."

घरी आलो तर शीला ताट वाढून बसलेली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे वरण वाढलं.

"एक सांगा. पऱ्हे टाकल्याबिगर रोवणी होते काय?"

"नाई. पऱ्ह्यातली रोपंच नाई तं रोवणार काय?"

"मंग? गनित म्हंजे पऱ्हे होय. तुमी पऱ्ह्याबिगर रोवणी करून आले!"

तीस वर्षं धानात घालवून मला जे सुचलं नाही, ते तिला वरण वाढता वाढता सुचलं. हिवाळ्यात पोरीचा निकाल लागला. चारही भारी विषयांत नापास. बांधीत काही उगवलंच नव्हतं तर कापणार काय!

यंदाच्या जुलैत पुन्हा फॉर्म भरायचा दिवस आला. प्रज्ञा नागपूरलाच होती. सकाळी मी चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात शीलानं माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप हाये तुमाले."

"मले? मी तं ठणठणीत आहो!"

"हाये म्हनते ना. निजा."

तिनं मला आडवं केलं, पांघरूण घातलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि माझा फोन डाळीच्या डब्यामागे नेऊन ठेवला. मग स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा आवाज आला, "हव, निजवलं तुह्या बापाले. भर आता निवांत. गनित पह्यले."

मी मुकाट्यानं निजून राहिलो. पोरीच्या शिक्षणाला माझ्याकडून आजवर झालेली ही सगळ्यात मोठी मदत.